म्हस दिसली का?

पहिल्या रात्री ११.४० ला आमचा खुनी जांभळीच्या बुंध्याआडून निघायच्या बेतात होता. कॅमेरा चालू, साउंड चालू, हिरॉईन पाठमोरी उभी. तेवढ्यात फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यातून बॅटरीचा झोत आला आणि त्यामागून मफलर गुंडाळलेला एक माणूस. त्यानं आमच्याकडं पाहिलं, लाइटांकडं पाहिलं, रक्तानं माखून खाली पडलेल्या पोराकडंही शांतपणे पाहून घेतलं आणि विचारलं, "म्हस दिसली का वो हिकडं? कपाळावर चांद हाय."

मेलेल्या पोरानं पडल्या पडल्या सांगितलं, "न्हाई बा."

हा शॉट मी जपून ठेवलाय. निर्जन जंगलात घडणारी स्लॅशर, म्हणजे एकेकाला कापत सुटलेल्या खुन्याची फिल्म साताऱ्याच्या डोंगरात करायची म्हणजे काय, हे त्या चाळीस सेकंदांत सगळं आलं. पैसे कमी असणं, थंडी, जनरेटर बंद पडणं, हे सगळं धरूनच चाललो होतो. निर्जनपणाच मिळणार नाही, हे मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मी कराडचा. चौदा वर्षं लग्नाचे व्हिडिओ करतोय. नवरा-नवरीला प्रीतिसंगमावर पळवून पळवून माझी कॅमेऱ्यावर हाताची सवय पक्की झाली, पण गोष्ट सांगायची भूक तशीच राहिली. स्लॅशरच का, असं घरात, दारात, बँकेत सगळ्यांनी विचारलं. खरं उत्तर हिशेबाचं होतं. गाणी नाहीत, सेट नाही, कपडेपट म्हणजे पोरांचे स्वतःचे ट्रॅकसूट. पाच तरुण आडरानात मुक्कामाला जातात, हत्यारवाला एक माणूस एकेकाला संपवतो, शेवटी एक मुलगी उरते. शिवाय रोज एक नट मरतो, म्हणजे जेवणाचा खर्च उतरत जाणार, असा माझा आपला अंदाज. प्रत्यक्षात मेलेला एकही जण घरी गेला नाही. सगळे स्पॉटबॉय होऊन राहिले आणि जिवंतपणी खात होते त्याच्या दुप्पट खाऊ लागले. एकूण खर्च ४ लाख ६० हजार आला. त्यातले ७० हजार निव्वळ भाकरी, पिठलं, आख्खा मसूर आणि चहा.

जागा शोधायला आधी कोयनेच्या बाजूला गेलो. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं आत रात्री लाइट लावून आरडाओरडा करायची परवानगी मागणं हाच मूर्खपणा, हे वनखात्यातल्या एका साहेबांनी मला चहा पाजून समजावलं. मग हद्दीबाहेरचं मालकी रान शोधणं आलं. पाटणच्या पुढं एका वाडीत ते सापडलं. वाडीचं नाव लिहीत नाही, मामांनी तशी अट घातली आहे. मामा म्हणजे रानाचे मालक. पुढं तेच आमचे खुनी झाले.

मला मनातून हवी होती ती वाडीची देवराई. अंजन, जांभूळ, हिरडा, मांडीएवढ्या जाड वेली आणि भर दुपारी काळोख. असा सेट कोट्यवधी रुपयांत उभा राहणार नाही. गुरवांनी ऐकून घेतलं, गावच्या चार माणसांना बोलावलं, आणि ठरलं की राईत नाही.

"खोटं रक्त आहे हो," मी म्हटलं.

"खोटं असू दे. तिथं आम्ही वाळकी काटकी मोडत न्हाई. तुमी मानसं मोडनार."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. राईच्या खाली दोनेकशे मीटरवर मामांचं रान होतं, कारवीनं गच्च भरलेलं, मधे मधे जांभळी. तिथं नारळ फोडला. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र घेतलं, पोलीस ठाण्यात लेखी कळवलं. त्या पत्राच्या पोचपावतीचं पुढं येतंच.

खुन्याचा मुखवटा हा या प्रकारच्या सिनेमाचा अर्धा जीव. १९७८ च्या 'हॅलोविन'चा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा दुसऱ्याच एका पात्राचा रबरी चेहरा होता, त्याला पांढरा रंग फासलेला. ही गोष्ट कमी पैशात काम करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. मीही मुंबईहून दोन मुखवटे मागवले. एक घालून पोरगा कारवीतून बाहेर आला तर दहीहंडीतल्या पथनाट्यातला राक्षस वाटला. आम्ही सगळे हसलो, आणि ज्या मुखवट्याला हसू आलं तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा शेणकूट आणायला निघाले होते. धुकं होतं, थंडी होती, म्हणून त्यांनी डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली होती. काळ्या घोंगडीची टोकदार खोळ, आत चेहऱ्याच्या जागी नुसतं भोक. पाय वाजत नव्हते. कॅमेरावाल्या पोरानं माझं मनगट धरलं. दोघांच्याही अंगावर काटा आला होता, आणि दोघांनाही माहीत होतं की हे मामाच आहेत.

मामा ६८ वर्षांचे. पाच मिनिटांत तयार झाले, पण कोयता हातात घेतल्यावर विचारलं, "ह्यो मानूस मारतोय कशापायी?"

मी स्क्रिप्टमध्ये कारण लिहिलं होतं आणि मला ते फार हुशारीचं वाटत होतं. खुनी हा कोयना धरणग्रस्त. गाव बुडालं, घरचे गेले, आता रानात येणाऱ्या शहरी पोरांचा तो सूड घेतो. मामांनी सगळं ऐकलं. कोयता खाली ठेवला.

"आमचं गाव ह्या पान्याखाली हाय. मी चार वर्साचा व्हतो. निम्मं गाव सोलापूरकडं गेलं, काही ठान्याकडं गेली, आमी वर डोंगराला चढलो. वर बांदलेलं घर सदुसष्टच्या भूकंपात पडलं. मग काय आमी मानसं कापत सुटलो व्हय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी पेन काढून त्यांच्यासमोर ती दोन पानं खोडली. दुसरं कारण शोधायला रात्रभर जागलो आणि सकाळी कुठलंच कारण न ठेवायचं ठरवलं. तो कोण, कुठला, का मारतो, काही नाही. फिल्ममध्ये तो एक शब्द बोलत नाही. आता बघताना वाटतं की मामांनी एका प्रश्नात माझी पटकथा दुरुस्त केली. मानधन मी खुनाचं दिलं, लेखनाचं नाही.

आता रक्त. मराठी माणसानं यावर लिहायलाच हवं, कारण इंटरनेटवरच्या सगळ्या कृती कॉर्न सिरपच्या आहेत आणि कराडच्या बाजारात कॉर्न सिरप मागितलं तर दुकानदार मक्याच्या पिठाचा पुडा देतो. १९६० च्या 'सायको'त चॉकलेट सिरप वापरलं होतं, पण तो सिनेमा कृष्णधवल होता. आमची फिल्म रंगीत. आमच्याकडं आहे काकवी. हंगाम गुऱ्हाळांचा, दिवस जानेवारीचे. ओगलेवाडीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर जाऊन पंधरा लिटर घेतली. त्यात केकच्या सामानाच्या दुकानातला खायचा लाल रंग घातला. दिवसा बघितलं तर झकास. रात्री लाइटखाली तेच डांबरासारखं काळं. मूळचा तपकिरी रंग लालला खाऊन टाकत होता. मग त्याच दुकानातलं लिक्विड ग्लुकोज निम्म्यास निम्मं मिसळलं. ते पाण्यासारखं पारदर्शक असतं, त्यामुळं लाल वर आला आणि काकवीचा दाटपणाही राहिला. तोंडात धरता येतं, गिळलं तरी चालतं. एका पोरानं तर मरणाच्या शॉटआधी भाकरीला लावून खाल्लं.

कोयता फोमच्या जाड शीटचा, चंदेरी रंगाचा. पात्याच्या मागून सलाईनची नळी, नळीच्या टोकाला मोठी सिरिंज, आणि सिरिंज दाबायला झुडपाआड बसलेला माझा चुलतभाऊ. पहिला खून. मामांनी वार केला, पोरानं किंकाळी फोडली, कोसळलं, आचके दिले, मेलं. रक्त नाही. सगळे थांबून बघतोय. भाऊ झुडपाआड दात-ओठ खात सिरिंज दाबतोय. मी कट म्हणालो, आणि त्यानंतर नळीतून एकच थेंब पडला. रात्री दहा-अकरा अंश, काकवी गोठल्यासारखी झाली होती. उपाय मामींनी केला. चुलीवर पातेलं, पातेल्यात गरम पाणी, पाण्यात काकवीचा डबा. दर टेकला डबा चुलीवरून सेटवर, सेटवरून चुलीवर. आणि मग असं काही झालं की आम्ही मॉनिटरला नाकं लावली. गरम रक्त थंड हवेत आलं आणि त्यातून वाफ निघाली. मागून लाइट होता, वाफ चांदीसारखी चमकली. अशा शॉटसाठी लोक कॉम्प्युटरवर आठवडा घालवतात. आम्हाला तो थंडीनं दिला.

काकवीचा दुसरा गुण मुंगळे. रात्री ते झोपतात असा माझा समज होता, तो अर्धाच खरा. मेलेल्या नटाला आठ मिनिटं निपचित पडायचं होतं. पाचव्या मिनिटाला प्रेताची मांडी थरथरू लागली, सहाव्याला प्रेत उठून ओढ्याकडं पळालं.

नट सातारच्या एकांकिका करणाऱ्या ग्रुपमधले. पोरं गुणी, कष्टाळू, फक्त मरायला तयार नसायची. एकांकिकेत मरण म्हणजे शेवटची संधी. कोयता मानेत बसल्यावरही त्यांना एक वळण, एक गुडघा, एक हात आकाशाकडं आणि शक्य झाल्यास एक वाक्य हवं असायचं. एकाला मी सात टेक सांगितलं की तू नुसता पड. आठव्या टेकला तो खरोखर मुळात अडकून पडला. तोच ठेवला.

हिरॉईनच्या बाबतीत उलटं. तिची किंकाळी फार सुरेल यायची, गाणं शिकलेली मुलगी. पाचव्या रात्री तिला कारवीतून धावत यायचं होतं. या धावण्यासाठी आम्ही एक जुनी युक्ती वापरली. १९८१ च्या 'द एव्हिल डेड'वाल्यांनी कॅमेरा फळीच्या मधोमध बसवून दोन टोकांना दोन माणसं पळवली होती. आम्ही सेंट्रिंगची फळी आणली, तिच्यावर सोनीचा भाड्यानं आणलेला ए-सेव्हन-एस-थ्री नट-बोल्टनं आवळला. अंधारात या कॅमेऱ्याचं चित्र १२८०० आयएसओवरसुद्धा, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता एवढी चढवूनही, स्वच्छ येतं, म्हणून तर तीन लाइटांत आमचं भागलं. हिरॉईन पुढं, फळीवाले मागं, त्यांच्या मागं बॅटरी घेऊन मी. ती ठरलेल्या वाटेऐवजी डावीकडं गेली आणि एका वेलीत घुसली. दोन सेकंद शांतता. मग जी किंकाळी आली तिच्यात सूर नावालाही नव्हता.

खाजकुइली. जानेवारीत तिच्या शेंगा वाळून तयार असतात, नुसता धक्का लागला तरी कुसं उडतात. मान, हात, पोटऱ्या, सगळीकडं. मामी धावत आल्या, पाणी लावू नका म्हणाल्या, आणि गोठ्यातलं ताजं शेण आणून तिला चोपडलं. ते वाळल्यावर खरवडलं की कुसं निघून येतात. रात्री दोन वाजता आमची नायिका पडवीत शेणानं सारवलेली बसली होती, रडत होती, आणि मधेच म्हणाली, "दादा, रेकॉर्ड झालं ना पण?" झालं होतं. फिल्ममधली एकूण एक किंकाळी आता तीच आहे, कमी-जास्त कापून सगळीकडं लावलेली.

सहाव्या पहाटेची नाकाबंदी सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन गाड्या करून आम्ही कराडकडं निघालो होतो. पोचपावती पुढच्या गाडीत, माझी गाडी मागं. पहाटे पाचला अडवलं. मागच्या सीटवर मानेपासून कमरेपर्यंत लाल झालेला पोरगा तोंड उघडं टाकून झोपलेला. पायाशी कोयता. हा मात्र फोमचा नव्हता, जवळून दाखवायच्या शॉटसाठी मामांचा खरा होता. त्या दिवसांत पुण्याकडच्या कोयत्याच्या बातम्या रोज टीव्हीवर चालू. हवालदारांनी बॅटरी आत मारली आणि एक पाऊल मागं गेले. मी फिल्म, शूटिंग, काकवी असं एका दमात बोललो, ते कुणालाही खोटंच वाटलं असतं. पोरगा उठेना. शेवटी मी त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि चाटून दाखवलं. आता मागं वळून बघताना कळतं की यामुळं संशय वाढलाच असणार. पण दुसरे हवालदार वयस्क होते, शेतकऱ्याघरचे असावेत. त्यांनी जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाले, "काकवीच हाय की. कुठल्या गुऱ्हाळाची?" तिथून पुढं पंधरा मिनिटं यंदाच्या उसाच्या दरावर बोलणं झालं. खरा कोयता दुसऱ्या दिवशीच मामांना परत केला.

पण हे सगळं निस्तरता येण्यासारखं होतं. मुख्य दुखणं म्हशीवाल्यापासून सुरू झालं होतं आणि रोज वाढत होतं. दुसऱ्या रात्री खेकडे धरायला निघालेली तीन पोरं. तिसऱ्या रात्री मुंबईहून उशिराच्या एसटीनं आलेलं कुटुंब, डोक्यावर बॅगा, त्यातल्या आजींनी हिरॉईनला जवळ घेऊन "कुणाची गं तू? येवढ्या रातीला?" असं विचारलं. चौथ्या रात्री एक कुत्रं, जे प्रत्येक वाइड शॉटमध्ये शेपूट हलवत खुन्याच्या मागं चालतंय. ते मामांचंच. फिल्म सेन्सॉरला न्यायची झाली तर प्राण्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, म्हणून पुढं एका पोरानं बसून फ्रेम-फ्रेमनं त्याला पुसलं. दोन ठिकाणी शेपटी राहिलीय. शोधा.

या प्रकारच्या सिनेमाची सगळी भीती एकाच गृहीतावर उभी असते: रान म्हणजे जिथं माणूस नाही. आमच्याकडं रानात माणूस असतोच. हिरडा वेचायला, शिकेकाई काढायला, गुरं हुडकायला, पाव्हण्याकडं जवळच्या वाटेनं जायला. आणि तो दिसला की विचारपूस करतो. पळणारी पोरगी अंधारात ओरडली तर इथं चार बॅटऱ्या लागतात, हे वाडीतल्या प्रत्येकानं मला ऐकवलं. "तुमच्या पिच्चरमधी गावातली मानसं कुठं गेलीत?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

फोनचं कोडं त्यांनीच सोडवून दिलं. मी लिहिलं होतं, 'रेंज नाही'. वाडीत रेंज आहे, पण एकाच ठिकाणी, वरच्या सड्यावर एका कातळावर. सगळी वाडी तिथं उभी राहून बोलते, भांडणंही तिथूनच होतात. त्याला रेंजचा दगडच म्हणतात. मग आमची हिरॉईन शेवटी रस्त्याकडं पळत नाही, त्या दगडाकडं पळते. चढ आहे, दम लागतो, खाली खोळ दिसते, वर एक काडी रेंज येते-जाते. हे मी कराडात बसून सात जन्मांत लिहिलं नसतं.

आणि मग सप्ताह आला. ओढ्यापलीकडच्या वाडीत हरिनाम सप्ताह बसला, आमच्या सातव्या रात्रीपासून. मी तारखा विचारल्याच नव्हत्या, हा माझा गाढवपणा. दहा वाजता लाउडस्पीकर बंद व्हायचा हे खरं, पण त्यानंतरही नुसत्या टाळ-पखवाजाचा आवाज दरीतून असा येत होता जणू शेजारीच बसलेत. पहाटे चारला काकडा. साउंडवाल्या पोरानं हेडफोन काढून ठेवले आणि बिडी पेटवली. म्हणाला, "दादा, उरलेली फिल्म भक्तिपट करा."

आम्ही दोन तास नुसते बसलो. हिरॉईन घोंगडी पांघरून कातळावर होती. पलीकडं मंडपाच्या ट्यूबलाइटांचा पुंजका दिसत होता, माणसांच्या सावल्या हलत होत्या, हसण्याचासुद्धा आवाज येत होता. ती सहज म्हणाली, "इथून ओरडलं तर त्यांना ऐकू जाईल का?"

मामा म्हणाले, "पखवाज चालू असतोय तवर न्हाई जायचं."

मी साउंडवाल्याला हेडफोन घालायला लावले.

तो सीन आम्ही त्याच रात्री केला, काहीही न लिहिता. ती दगडावर चढते. फोन लागत नाही. समोर दरीपलीकडं दिवे, माणसं, भजन. ती ओरडते, हात हलवते, बॅटरी उघडझाप करते. पखवाज चढत जातो. मंडपातलं कुणीतरी वळून बघतं आणि परत बसतं. खुनी फ्रेममध्ये नाही. दोन मिनिटं दहा सेकंद, एकच शॉट. शूट संपल्यावर मी पलीकडच्या वाडीत जाऊन भजनी मंडळाला सगळं सांगितलं, त्यांचं भजन वेगळं नीट रेकॉर्ड केलं, नारळ आणि ५०१ रुपये ठेवले. त्यांनी विचारलं, शेवटी पोरगी वाचते ना? वाचते म्हटल्यावर परवानगी दिली.

एडिटिंगला चार महिने गेले. रातकिड्यांनी छळलं. रात्री नऊचा रातकिडा आणि पहाटे तीनचा रातकिडा यांचे सूर वेगळे असतात, त्यामुळं एकाच सीनमध्ये कट आला की जंगल उडी मारायचं. शेवटी आमचे सगळे किडे काढून एका रात्रीचे अर्ध्या तासाचे किडे अख्ख्या फिल्मखाली अंथरले. कोयत्याच्या वाराच्या आवाजाला कोबी कापला. मानेचं हाड मोडायला उसाचं कांडं गुडघ्यावर. एक आवाज मात्र जसाच्या तसा आहे. नवव्या रात्री राईतून भेकर ओरडलं, कुत्र्यासारखं पण कुत्र्याचं नव्हे, थांबून थांबून. शहरातले सगळे विचारतात हे कशानं बनवलं.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती वाडीतच, मारुतीच्या देवळासमोर, मंडपवाल्याच्या पांढऱ्या कापडावर. म्हशीवाला पहिल्या रांगेत. पहिल्या खुनाला टाळ्या पडल्या, कारण मामा दिसले. दुसऱ्याला हशा. तिसऱ्याला एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "त्या जांभळीमागं आमची शेळी हाय बगा," आणि खरंच होती. मी मागं उभा राहून मनात पैशांची बेरीज-वजाबाकी करत होतो.

मग दगडाचा सीन आला. भजन सुरू झालं तशी दोन-तीन माणसं सवयीनं ताल धरून डोलू लागली. पोरगी ओरडायला लागली. डोलणं थांबलं. पुढं बसलेलं एक पोर आईच्या मांडीत घुसलं. पडद्यावर मंडपातला तो माणूस वळून बघतो आणि परत बसतो, तिथं पलीकडच्या वाडीहून आलेला एक गडी उठून उभाच राहिला. त्याला बस म्हणायला कुणी धजलं नाही.

संपल्यावर चहा झाला. त्या उभ्या राहिलेल्या गड्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की वळून बघणारा कोण होता, ओळखू येत नाही. मलाही ओळखू येत नव्हता. तो पुढं दोनदा येऊन विचारून गेला.

मामींना फिल्मबद्दल काही बोलायचं नव्हतं. त्या घोंगडी घेऊन आल्या. तीनदा धुतली, उन्हात घातली, तरी वळचणीला टांगली की मुंगळ्यांची रांग लागते. काकवी लोकरीतून जात नाही. मामांना पहाटे थंडी वाजते, जुनी घोंगडी आता अंगावर घेता येत नाही आणि बाजारातली मशीनची त्यांना चालत नाही. म्हसवडला हातमागावर मिळते असं त्या म्हणाल्या. तिथला बाजार कधी भरतो ते विचारून घेतलंय. काळीच हवी आहे, आणि खोळ नीट बसेल एवढ्या लांबीची.